शेजाऱ्यांनी दिलेली नावं
पोलिश आडनावं आणि टोपणनावं यांची घडण



ज्या सरांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, त्यांनी आयुष्यभर इतिहास शिकवला. हजेरी घेताना ते प्रत्येक मुलाचं नाव, वडिलांचं नाव आणि आडनाव असं सगळं पूर्ण वाचत. नावाचा कुठलाही भाग गाळलेला त्यांना चालत नसे. त्यांच्या स्मृतीला वाहिलेल्या व्यासपीठावरून नावांच्याच इतिहासाविषयी बोलायला मिळतं आहे, याचा मला मनापासून आनंद आहे.

विषय पोलंडचा निवडला, याचं कारण याच जिल्ह्यात आहे. दुसऱ्या महायुद्धात, १९४३ पासून १९४८ पर्यंत, कोल्हापूरजवळ वळिवडे इथे पोलिश निर्वासितांची मोठी छावणी होती. सुमारे पाच हजार माणसं तिथं राहिली. त्यांत बहुतेक स्त्रिया आणि मुलं. पोलंडच्या पूर्व भागातून त्यांना सोव्हिएत सत्तेनं सायबेरिया, कझाकस्तानपर्यंत हद्दपार केलं होतं. तिथून इराणमार्गे ती आपल्याकडे पोहोचली. घर गेलं, गाव गेलं, कित्येकांचे वडील गेले. आडनाव मात्र सोबत आलं. स्की, विच, चिक, उक असे शेवट असलेली ती नावं या मातीनं पाच वर्षं ऐकली. ती नावं घडली कशी, हे आज आपण पाहू.

माझं म्हणणं सुरुवातीलाच मांडतो. आडनावाला आपण कुळाची, रक्ताची खूण मानतो. पोलिश आडनावांचा इतिहास वेगळं सांगतो. माणूस स्वतःला क्वचितच नाव देतो. नाव देतात ते शेजारी, पाद्री, कारकून, जमीनदार आणि सरकार. कोणी कोणाकडे कुठून पाहिलं, याची ती नोंद असते.

याचा सर्वांत सुंदर पुरावा पोलंडच्या नैर्ऋत्येला, खालच्या सिलेशियातल्या हेन्रिकुव इथल्या मठात तयार झाला. सिस्टर्शियन पंथाच्या या मठात तेराव्या शतकात एक ग्रंथ लिहिला गेला. ग्रंथ लॅटिन भाषेत आहे आणि त्याचा हेतू अगदी व्यवहारी आहे. मठाच्या ताब्यातली जमीन कोणाकडून, कशी आली याचा तो दस्तऐवज. उद्या कोणी वारस दावा सांगत आला, तर मठवासीयांना उत्तर देता यावं म्हणून प्रत्येक तुकड्याची हकीकत लिहून ठेवलेली.

त्यातल्या एका हकीकतीत बोगुखवाऊ नावाचा माणूस येतो. हा मूळचा चेक देशचा. तिथल्या ड्यूकची चाकरी करून त्यानं थोडी जमीन मिळवली आणि तिथल्याच एका बाईशी लग्न केलं. त्या भागात तेव्हा पाणचक्क्या फारशा नव्हत्या. त्यामुळे बाईला रोज जात्यावर दळावं लागे. एकदा नवऱ्याला तिची दया आली. तू जरा विसावा घे, मी दळतो, असं म्हणून तो जात्याला बसला आणि मग बसतच राहिला. पुरुष दळतो आहे हे शेजाऱ्यांना नवलच. त्यांनी त्याला ‘ब्रुकाऊ’ म्हणायला सुरुवात केली. त्याच्या वंशजांना ते नाव चिकटलं आणि त्यांच्या वस्तीचं नाव ब्रुकालित्से झालं. ते गाव आजही त्याच नावानं नकाशावर आहे.

बोगुखवाऊनं बायकोला म्हटलेलं ते वाक्य ग्रंथकर्त्यानं लॅटिनच्या मधोमध त्याच्याच बोलीत उतरवून ठेवलं. त्याचा काळ साधारण १२७० धरतात. पोलिश भाषेतलं लिखित असं सर्वांत जुनं वाक्य म्हणून आज तेच मानलं जातं. २०१५ साली युनेस्कोनं या ग्रंथाचा जागतिक स्मृतिवारशाच्या यादीत समावेश केला. एका भाषेचं पहिलं लिखित वाक्य आपल्यापर्यंत पोहोचलं, ते एका टोपणनावाची उपपत्ती सांगताना. जमिनीचा वाद होऊ नये म्हणून मठाला ते टोपणनाव समजावून सांगणं भाग होतं. शेजाऱ्यांनी थट्टेत दिलेलं नाव कारकुनानं पुराव्यासाठी लिहिलं आणि त्यातून वंशाचं व गावाचं नाव घडलं. पोलिश आडनावांची सगळी रीत या एका गोष्टीत दिसते.

या नजरेतून राजेही सुटले नाहीत. पियास्त घराण्यात एकच नाव पुन्हा पुन्हा येई, म्हणून लोक त्यांना अंगकाठीवरून ओळखत. वाकड्या तोंडाचा बोलेस्वाव, दाढीवाला हेन्रिक, पायात पाय अडकणारा म्येश्को. १३२० मध्ये क्राकुव इथे राज्याभिषेक करवून घेऊन पोलंडचं विस्कळीत राज्य पुन्हा उभं करणारा व्वादिस्वाव इतिहासात ‘वोक्येतेक’ म्हणून अमर आहे. वोक्येतेक म्हणजे कोपरापासून बोटांपर्यंतच्या मापाचा, आपल्या भाषेत हातभर उंचीचा. राज्य एकत्र आणणाऱ्या पुरुषाला लोकांनी त्याच्या उंचीवरून नाव दिलं आणि पाठ्यपुस्तकांनी ते मान्य केलं.

आता आडनावांकडे वळू. पोलिश म्हटलं की आपल्याला ‘स्की’ आठवतं. व्याकरणानं पाहिलं तर हे विशेषण आहे. तारनुव या गावचा तो तार्नोव्स्की. मराठी माणसाला हे समजावून सांगावं लागत नाही. गावाला ‘कर’ जोडून आपण जे करतो, तेच पोलिश भाषा ‘स्की’ जोडून करते. सोबियेशिन गावावरून सोबियेस्की, पोनियातोवावरून पोनियातोव्स्की, लेश्नोवरून लेश्चिन्स्की. ही तिन्ही पोलंडच्या राजांची आडनावं आहेत.

सुरुवातीला हे आडनाव स्थिर नव्हतं. पंधराव्या शतकातला उमराव ‘तारनुवचा यान’ असं लिही. एका बापाच्या दोन मुलांना दोन वेगळी गावं वाटणीत आली, तर दोघांची आडनावंही वेगळी होत. मग कुळ ओळखायचं कसं? त्यासाठी ‘हेर्ब’ म्हणजे कुळचिन्ह होतं. लेलिवा, नाउएंच, येलिता अशी या चिन्हांना स्वतःची नावं होती आणि एकाच चिन्हाखाली अनेक आडनावांची घराणी एकत्र येत. इंग्रजी कादंबरीकार जोसेफ कॉनरॅड आपल्याला माहीत आहेत. ते जन्मानं कोझेन्योव्स्की, आणि त्यांच्या घराण्याचं चिन्ह नाउएंच. सोळाव्या शतकात उमरावांची आडनावं हळूहळू पक्की झाली आणि गाव हातचं गेलं तरी नाव राहू लागलं.

इथून ‘स्की’ला प्रतिष्ठा आली. पोलंडमध्ये उमराव वर्ग मोठा होता, शंभर माणसांत आठ-दहा. राजाच्या निवडणुकीत भाग, करात सवलत, जमिनीचा हक्क हे सगळं त्याच्याकडे. साहजिकच त्या वर्गात शिरण्याची धडपड सुरू झाली. सतराव्या शतकात वालेरियान नेकांदा त्रेप्का नावाच्या एका उमरावानं या धडपडीचा छडा लावण्यात आपलं आयुष्य घातलं. जत्रा, न्यायालयं, खानावळी फिरून, कानगोष्टी गोळा करून त्यानं खोट्या उमरावांची यादी केली. हा मुळात न्हाव्याचा मुलगा, तो विणकराचा, अमक्यानं गाव बदललं आणि नावाला ‘स्की’ लावलं, अशा दोन हजारांहून अधिक नोंदी. लोकांना छळायचं, अडवायचं हाच त्याचा हेतू. पण त्यानं तिरस्कारानं लिहिलेल्या या वहीमुळे आज एक गोष्ट निर्विवाद सिद्ध होते. ‘स्की’ म्हणजे उमराव हे समीकरण चारशे वर्षांपूर्वीच तुटलेलं होतं. साध्या माणसांनी ते नाव उचललं, अंगावर घेतलं आणि निभावलं.

पुढे तर ते वरूनही दिलं जाऊ लागलं. ४ एप्रिल १७९४ रोजी रात्सवावित्सेच्या लढाईत वोयचेख बार्तोश नावाच्या कुळवाड्यानं रशियन तोफेची पेटती वात आपल्या टोपीनं विझवली. सरसेनापती तादेउश कोश्चुश्को यांनी त्याला वेठीतून मुक्त केलं आणि निशाणाचा मान दिला. ‘ग्वोवात्स्की’ हे आडनाव त्याला याच पराक्रमासोबत लाभलं. पोलंडची मुलं आज त्याला बार्तोश ग्वोवात्स्की म्हणून ओळखतात. ‘त्स्की’ हा ‘स्की’चाच सख्खा भाऊ. काही व्यंजनांपुढे त्याचं हे रूप होतं.

यापुढचा भाग मला सर्वांत प्रिय आहे. तो कष्टकऱ्यांच्या आडनावांचा. पोलिश भाषेत लोहाराला ‘कोवाल’ म्हणतात. या एका शब्दापासून काय काय निघालं पाहा. कोवाल हे सरळ आडनाव. कोवालिक म्हणजे छोटा लोहार. कोवाल्चिक म्हणजे लोहाराचा मुलगा किंवा त्याच्या भात्यावर बसणारा उमेदवार. पूर्वेकडे गेलं की कोवाल्चुक. आणि मग कोवालेव्स्की, कोवाल्स्की. यातला कोवाल्स्की लोहाराला प्रतिष्ठेचा प्रत्यय लावून झालेला असू शकतो, तसाच तो कोवाले नावाच्या गावावरूनही आलेला असू शकतो. ही गावं कुठून आली? पियास्त राजांनी मध्ययुगात एकेका गावाला एकेक सेवा लावून दिली होती. लोहारांची ती कोवाले, चांभारांची ती शेव्त्से, भाकरी भाजणाऱ्यांची ती पियेकारी, सोनारांची ती झ्वोत्निकी. ऐरणीवरून गावाचं नाव आणि गावावरून माणसाचं, असा प्रवास त्या आडनावात दडलेला आहे. आज पोलंडमध्ये सामान्य माणूस म्हणून उदाहरण द्यायचं झालं तर लोक ‘कोवाल्स्की’च म्हणतात.

अशीच इतर. शिंप्यावरून क्राव्चिक, चांभारावरून शेव्चिक, चाकं घडवणाऱ्यावरून कोवोजेय, खानावळवाल्यावरून काच्मारेक. गावच्या मुखियाला ‘वुय्त’ म्हणत, त्यावरून वुय्चिक. हे आज पोलंडमधल्या सर्वांत मोठ्या आडनावांपैकी एक आहे. प्राणी-पक्षीही भरपूर आहेत. विल्क म्हणजे लांडगा, झायोंत्स म्हणजे ससा, व्रुबेल म्हणजे चिमणी, शिकोरा हा छोटा रानपक्षी. कोणाची चाल, कोणाचा आवाज, कोणाचे केस पाहून हाक मारली गेली असेल. लोकशाहीचा लढा देणारे लेक वालेसा यांचं आडनाव भटकत राहण्याच्या क्रियापदावरून आलं आहे. असलं नाव कोणी आपणहून घेत नाही.

बापाच्या नावावरून होणाऱ्या आडनावांत पोलंडचा भूगोल वाचता येतो. पश्चिमेच्या व्येल्कोपोल्स्का भागात ‘आक’ हा प्रत्यय भारी. पावेऊचा पावलाक, वालेंतीचा वाल्चाक. दक्षिणेच्या मावोपोल्स्का भागात ‘इक’ आणि ‘चिक’. पूर्वेकडे पोदलाश्येत ‘उक’. लिथुएनिया आणि रुथेनियाच्या जुन्या प्रदेशात ‘ओविच, एविच’. राष्ट्रकवी आदाम मित्स्क्येविच हे त्याच प्रदेशातले आणि त्यांचं आडनाव दिमित्रीच्या लाडक्या रूपावरून आलेलं. कोश्चुश्को हे नावही कॉन्स्टंटाइनच्या लाडक्या रूपावरून. मुळात कोणी तरी लाडानं मारलेली ती हाक पुढे सेनापतीचं आडनाव झाली. १९९२ ते १९९४ या काळात काझिम्येश रिमुत यांनी साऱ्या देशाच्या लोकसंख्या नोंदवहीवर आधारलेला आडनावांचा कोश दहा खंडांत प्रसिद्ध केला. कुठलं आडनाव कुठल्या प्रांतात किती, हे त्यात दिसतं. शतकांची उलथापालथ होऊनही प्रत्यय बरेचसे आपापल्या मुलखात टिकून आहेत.

आणि पोलंडमधलं पहिल्या क्रमांकाचं आडनाव कोणतं? नोवाक. सुमारे दोन लाख माणसं ते लावतात. नोवाक म्हणजे नवा आलेला. कोणी दुसऱ्या गावाहून येऊन वसला, कोणी पडीक शेत कसायला घेतलं, गाव त्याला ‘नवा’ म्हणू लागलं. नवा मनुष्य स्वतःला नवा म्हणत नाही, आधीपासून असलेलेच त्याला नवा म्हणतात. नातू, पणतू त्याच गावात जन्मले तरी नवेच राहिले. चेक लोकांत आणि स्लोव्हेनियातही हेच आडनाव आघाडीवर आहे. आपली मुळं शेकडो वर्षांची, असं प्रत्येक समाजाला वाटतं. पण मध्य युरोपातल्या तीन देशांचं सर्वांत मोठं आडनाव सांगतं की अनेक घरांचा पूर्वज कधी तरी बाहेरून आलेला होता आणि त्याला सामावून घेतलं गेलं.

ही सगळी तोंडी नावं पक्की कोणी केली? आधी चर्चनं. ट्रेंटच्या धर्मपरिषदेनं १५६३ मध्ये लग्नांची आणि बाप्तिस्म्यांची नोंदवही बंधनकारक केली. पाद्रीला जे ऐकू आलं ते त्यानं लिहिलं. मग राज्यकर्ते आले. १७७२, १७९३ आणि १७९५ अशा तीन फाळण्यांत पोलंड रशिया, प्रशिया आणि ऑस्ट्रिया यांनी वाटून घेतला. पुढची १२३ वर्षं पोलंड नावाचं राज्य नव्हतं. करासाठी, सैन्यभरतीसाठी परक्या सरकारांना पक्की आडनावं हवी होती. ऑस्ट्रियानं १७८७ मध्ये आपल्या ताब्यातल्या ज्यूंना जर्मन आडनावं घेण्याची सक्ती केली. त्यामुळे एकाच समाजात गोल्डश्मितही आहेत आणि गावावरून आलेले वार्शाव्स्की, पोझ्नान्स्कीही आहेत. वुजच्या कापडगिरणीचे प्रसिद्ध मालक इझ्राएल पोझ्नान्स्की ज्यूच होते. म्हणून ‘स्की’वरून माणसाचा धर्म किंवा जात ओळखता येत नाही. विसाव्या शतकात सिलेशियात तर नाझींनी पोलिश नावं जर्मन केली आणि १९४५ नंतर नव्या सरकारनं जर्मन वाटणारी नावं पोलिश केली. माणूस तोच, घर तेच, दारावरची पाटी मात्र दोनदा बदलली.

स्त्रियांच्या आडनावांवर थोडं थांबतो. ‘स्की’ विशेषण असल्यामुळे त्याचं लिंग बदलतं. मेरी क्युरींचे वडील स्क्वोदोव्स्की, म्हणून त्या स्क्वोदोव्स्का. ज्या आडनावांना ‘स्की’ नाही, तिथे भाषेनं आणखी बारकाई केली. नोवाकची बायको नोवाकोवा, मुलगी नोवाकुव्ना. आडनाव ‘आ’नं संपलं, जसं झारेंबा, तर बायको झारेंबिना आणि मुलगी झारेंबियांका. म्हणजे नुसतं नाव ऐकून बाई विवाहित की अविवाहित हे कळे. कादंबरीकार एलिझा ओझेश्कोवा यांच्या नावातला ‘ओवा’ त्यांच्या नवऱ्याच्या ओझेश्को या आडनावाला लागलेला आहे. हा विवाह १८६९ मध्ये रद्द झाला, पण त्यांनी साहित्यात तेच नाव ठेवलं आणि त्यांच्या लेखणीमुळेच ते देशभर ओळखीचं झालं. १९३२ च्या लॉस एंजलिस ऑलिंपिकमध्ये शंभर मीटर धावून सुवर्णपदक मिळवणाऱ्या स्तानिस्वावा यांचं नाव पोलिश वर्तमानपत्रांनी वालाशेविचुव्ना असं छापलं. वालाशेविच घराण्यातली कुमारी, असा त्याचा अर्थ. दुसऱ्या महायुद्धानंतर ही रूपं मागे पडत गेली. लग्नाची चौकशी नावातच होत नाही, ते बरंच झालं असं मला वाटतं. पण जुनी नोंद वाचताना हे प्रत्यय समजले नाहीत, तर एकाच घरातल्या आई, मुलगी आणि बाप या तिघांना आपण तीन परकी माणसं समजून बसू.

टोपणनावांचा जिवंत झरा पाहायचा तर दक्षिणेला तात्रा पर्वताच्या पायथ्याशी, पोदहाले भागात जावं. झाकोपाने या गावी गोंशेनित्सा हे आडनाव इतक्या घरांचं आहे की नुसतं आडनाव सांगून टपालही पोहोचणार नाही. गोंशेनित्सा म्हणजे सुरवंट. म्हणून प्रत्येक शाखेला गावानं दुसरं नाव दिलं आणि ते कागदोपत्रीही चढलं. गोंशेनित्सा-बिर्त्सिन, गोंशेनित्सा-रोय, गोंशेनित्सा-दान्येल. स्कीइंगच्या आंतरराष्ट्रीय शर्यतींत आज मारिना गोंशेनित्सा-दान्येल हे नाव पूर्णच्या पूर्ण पुकारलं जातं. याच डोंगरातला महान कथेकरी आणि वादक यान क्शेप्तोव्स्की (१८०९ ते १८९४) देशाला ठाऊक आहे तो ‘साबावा’ या टोपणनावानं. तिथं सरकारी आडनावानं माणूस हजारांत हरवतो, टोपणनावानं सापडतो.

शेवटी, माणसानं स्वतः निवडलेल्या नावांविषयी. नाव दुसऱ्यांकडून मिळतं हा नियम कधी हौसेनं मोडला गेला, कधी संकटात. हेन्रिक गोल्डश्मित या तरुणानं १८९८ च्या एका लेखनस्पर्धेसाठी जुन्या कादंबरीतल्या नायकाचं नाव घेतलं आणि तो यानुश कोर्चाक झाला. १९४२ मध्ये आपल्या अनाथाश्रमातल्या मुलांना सोडून जायला नकार देऊन तो त्यांच्यासोबत त्रेब्लिंकाच्या मृत्युछावणीत गेला. नाझी राजवटीत भूमिगत सैन्याच्या प्रत्येकाला गुप्तनाव होतं, पकडला गेला तर घरच्यांचा जीव वाचावा म्हणून. सेनापती कोमोरोव्स्कींचं गुप्तनाव ‘बुर’, म्हणजे अरण्य. १९४४ चा वॉर्सा उठाव त्यांनी लढवला आणि इतिहासात ते बुर-कोमोरोव्स्की म्हणून राहिले. वॉर्सा आणि लंडन यांच्यामध्ये जिवावर उदार होऊन निरोप नेणारे झ्जिस्वाव येझोरान्स्की यांनी घेतलेलं नाव होतं यान नोवाक. देशातलं सर्वांत सामान्य नाव. युद्धानंतर त्यांनी ते टाकलं नाही. यान नोवाक-येझोरान्स्की या जोडनावानंच ते पुढे रेडिओ फ्री युरोपच्या पोलिश विभागाचे प्रमुख झाले. ज्या नावानं शेजाऱ्यांनी कधी काळी परक्याला वेगळं काढलं होतं, त्याच नावाच्या आडोशाला एक माणूस आपल्या देशासाठी उभा राहिला.

मंडळी, जात्याशी बसलेला ब्रुकाऊ, गावाबाहेरून आलेला नोवाक, त्रेप्काच्या वहीतला न्हाव्याचा मुलगा, फाळणीच्या काळात आडनावाची सक्ती झालेला ज्यू, या सर्वांना कोणीतरी पाहिलं, हाक मारली आणि लिहून ठेवलं. लिहिणारा कधी आपुलकीनं लिहीत होता, कधी द्वेषानं, कधी केवळ नोकरी म्हणून. लिहिलं ते टिकलं. म्हणून दुसऱ्याचं नाव लिहिणाऱ्याच्या हातात मोठी सत्ता असते, आणि तेवढीच मोठी जबाबदारीही.

वळिवड्याच्या संदर्भात ही जबाबदारी आज आपल्याकडे आहे. त्या छावणीविषयी मराठीत लेख लिहिले जातात, फलक लागतात, विद्यार्थी प्रकल्प करतात. माझी विनंती एवढीच आहे की नावं नीट लिहा. आईच्या नावातला ‘स्का’ चूक समजून ‘स्की’ करू नका. ‘ओवा’ आणि ‘उव्ना’ लांबलचक वाटले म्हणून छाटू नका, कारण कोण कोणाची बायको आणि कोण कोणाची मुलगी हे तिथंच लिहिलेलं आहे. ‘उक’ आणि ‘विच’ काळजीपूर्वक उतरवा, त्या दोन अक्षरांवरून पूर्वेकडल्या कुठल्या मुलखातून ते कुटुंब उखडलं गेलं याचा माग लागू शकतो. आपल्या आश्रयाला आलेल्या माणसांना आपण घर दिलं, याचा कोल्हापूरला सार्थ अभिमान आहे. त्यांचं नाव अचूक लिहिणं हा त्याच आतिथ्याचा भाग आहे, आणि तो अजून पुरा व्हायचा आहे. इथल्या महाविद्यालयांतल्या तरुणांनी तो हाती घ्यावा.